सुधाकरचा तवा

मित्राच्या तव्याबद्दल मी खोटं बोललो. परवा घरी मक्याची भाकर करपली आणि त्या वासानं ती जुनी संध्याकाळ परत आणली.

पांढुर्ण्यात माझ्या समोशाच्या गाडीसमोर सुधाकरनं मेक्सिकन खाण्याची गाडी लावली होती. तव्यावर भाजलेल्या मक्याच्या पोळीचा कडक टाको, भाजी गुंडाळलेला मऊ बरिटो, वर संत्र्याची आंबटगोड चटणी. माझी गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. त्या शनिवारी संध्याकाळी जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या एका काकांनी मला विचारलं, "भाऊ, इथं चांगलं खायला कुठं भेटते?"

"समोर नका जाऊ. थो त्याच तव्यावर अंडं भाजून राह्यला."

सुधाकरनं ऐकलं. टाको पुढे करत एवढंच म्हणाला, "जळतं कायले बे? खाऊन तं पाय!" मी हात लावला नाही. अफवा गावभर झाली, शनिवारची गर्दी तुटली आणि त्यानं गाडी सौंसरला हलवली.

परवाच सौंसर गाठलं. त्याच्या गाडीवर गिऱ्हाइकांच्या गर्दीसमोर म्हणालो, "सुधाकर, तुझ्या तव्यावर अंडं कधीच नव्हतं. मी जळत होतो. माफ कर, गड्या."