पाझर तलावावरचे दगड कोणी नेले?

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात सांगोला तालुक्यातील एका गावच्या पाझर तलावावरून दगड चोरीला गेल्याची फिर्याद आमच्या ठाण्यात दाखल झाली. त्या ठाण्याचा मी अंमलदार होतो. त्याहून मोठे गुन्हे नंतर पुष्कळ हाताळले. त्यांतले बरेच आता आठवायला वेळ लागतो, हे प्रकरण मात्र तपशिलासकट लक्षात आहे.

फिर्याद तलावाच्या देखभालीवर असलेल्या ओव्हरसियरनी दिली होती. तलाव दुष्काळी कामावर बांधलेला, मातीचा. पाण्याच्या बाजूच्या उतारावर फोडीव दगड एकमेकांत घट्ट बसवलेले होते. त्याला पिचिंग म्हणतात. तलाव भरला की वाऱ्याने लाटा उठतात आणि उघडी माती कुरतडतात, म्हणून हे दगडाचे अस्तर. ओव्हरसियरचे म्हणणे असे होते की वरच्या भागातून दगड जागोजागी उचकटले गेले आहेत. पावसाळ्यापूर्वी ते परत बसले नाहीत तर भराव खचेल, आणि भराव फुटला तर खालच्या मळ्यांतल्या विहिरी गाळाने भरतील. त्या विहिरींना पाणी आले होते तेच या तलावामुळे.

फिर्याद नोंदवून घेतली, हवालदारांनी जागेचा पंचनामा केला. बाजाराच्या दिवशी त्याच गावचा एक माणूस ठाण्यात आला. इकडेतिकडे पाहून हवालदारांना म्हणाला, "दगड पायजेत न्हवं? मेंढक्याच्या वाड्याची भित बगा. औंदाच बांदलीया."

गावाच्या कडेला एका मेंढपाळाचे घर होते. त्याने मेंढरांच्या वाड्याला दगडी भिंत घातली होती, ही गोष्ट खरी निघाली. भरावावर मेंढरे चारण्यावरून ओव्हरसियरशी त्याची वादावादी झालेली होती, हेही खरे. संशयाला एवढे पुरेसे होते. त्याला ठाण्यात बोलावले.

तो आला तो पटका बांधून, घाईत. बसायला सांगितले तरी बसेना.

"सायेब, काय इचारायचं ते बिगीनं इचारा. पोरीचं लगीन हाय. मांडवाच्या मेढी तोडायच्यात."

"भिंतीला दगड कुठून आणले?"

"माळावरनं. येचून येचून. बायकूच्या पाठीचा काटा ढिला झाला."

"मग भिंत दाखवा."

"दाखवतो की. पर वरनं लिपलीया, चुना मारलाय. लग्नाचं घर हाय. दगड बगायचं म्हंजी भित पाडावी लागंल. पाडा, न्हाय म्हनत न्हाय. पर लगीन झाल्यावर पाडा."

तलावावरचे दगड कोणी नेले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कुनी न्हाई नेलं." आणि पुन्हा मांडवाचे बोलू लागला.

त्याची खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. मुलाकडचे वडीलधारे, म्हणजे नवरदेवाचे चुलते, शेजारच्या गावाहून थेट ठाण्यात आले. त्यांनी उभ्याउभ्याच विचारले, "आमच्या सोयऱ्याला पोलिसांनी कशापायी बोलावलं? चोरीत नाव आसंल तर आत्ताच सांगा. चोराच्या घरची पोरगी आमी करनार न्हाई. हळद लागायच्या आदी मोडल्यालं बरं."

तपास चालू आहे, एवढेच सांगता आले. ते तेवढ्यावर समाधानी झाले नाहीत. निकाल लागेपर्यंत लग्नाची तयारी थांबवतो, असे सांगून निघून गेले. म्हणजे आता त्या मुलीचे लग्न आमच्या तपासावर अडले होते.

ओव्हरसियरचा आग्रह भिंत पाडण्याचा होता. मी आधी गावात जबाब घेतले. पोलीस पाटील, तलावाखालचे बागायतदार, माळावरची गुराखी मंडळी, आणि घराघरांतल्या बाया. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: दगड कोणी नेले? सगळ्यांचे उत्तरही एकच होते. कोणी नाही नेले.

खोटे बोलणारा माणूस सहसा न विचारलेले सांगतो. रात्री आपण कुठे होतो, कोणाकडे जेवलो, सोबत कोण होते, हे आपणहून येते. इथे तसे काहीच नव्हते. बाया दळणकांडण न थांबवता उत्तर देत होत्या आणि वर विचारत होत्या, "च्या घेनार का?" हवालदार म्हणाले, "साहेब, एक तर सगळं गाव चोर आहे, नाहीतर चोरीच झालेली नाही."

दुसरी गोष्ट गाडीच्या चाकोरीची. पिचिंगचा दगड काखोटीला मारून नेण्यासारखा नसतो. एवढे दगड न्यायचे तर बैलगाडी भरावाजवळ आलीच पाहिजे. चाकोरी कुठेच दिसली नव्हती. म्हणून भिंतीला हात लावण्याआधी जागेचा पंचनामा पुन्हा, भरावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करायचे ठरवले.

दोन पंच, पोलीस पाटील, ओव्हरसियर, हवालदार आणि संशयित मेंढपाळ, असे सगळे सकाळी भरावावर गेलो. मोजमाप सुरू झाले. निम्म्याच्या पुढे एक बाभळ होती. तिथे दोन्ही पंच थांबले.

"झालं सायेब. हितनं माघारी."

"भराव तर पुढे आहे."

"फुडं बायकांचं धुनं आसतंय. गडीमानसं तिकडं जात न्हाईत."

आधीचा पंचनामा चाळला, तोही बाभळीपर्यंतचाच निघाला. ओव्हरसियरही दर पाहणीला तिथूनच परत फिरत होते. गावचा रिवाज होता, आणि तो सगळ्यांनी पाळला होता. पंचनामा अर्धवट ठेवता येत नव्हता. पोलीस पाटलांनी आपल्या म्हाताऱ्या आईला घरून बोलावून पुढे पाठवले. ती काठी टेकत गेली आणि खाली पाण्याकडे पाहून ओरडली, "पदर सावरा गं बायांनो, फौजदार याया लागलाय!"

आम्ही उतरत होतो तेवढ्यात खाली भांडण पेटले. पाटलांच्या आईने सगळ्यांना एका बाजूला सरकायला सांगितल्यामुळे एक बाई दुसरीच्या जागेवर जाऊन बसली होती.

"ऊट की माज्या दगडावरनं!"

"तुजं नाव हाय व्हय त्याच्यावर?"

"नाव कशाला? वरनं म्या लोटत आनलाय. तू तवा बाळतिनीच्या खोलीत निजली हुतीस!"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. ओव्हरसियर पुढे होऊन वाकले. दगडावर पाथरवटाच्या सुतकीचे घाव होते, एक बाजू सपाट होती. पिचिंगचाच दगड होता. पाण्याच्या काठाने तसेच दगड ओळीने मांडलेले होते, आणि थोडे आत, पाण्याखालीही दिसत होते. एकेका दगडावर एकेक लुगडे आपटले जात होते.

मी विचारले, "हे दगड तुम्ही वरून काढले?"

"व्हय की," पाटलांच्या आईनेच उत्तर दिले. "पानी खाली सरतंय. मग दगडानं काय वरच बसायचं?"

"मग जबाबात सगळ्यांनी नाही असं का सांगितलं?"

म्हातारी हसली. "तुमी इचारलं, दगड कुनी नेलं. नेलं कुटं? तळ्यातच हायती की. आनलं कुनी, आसं इचारलं आसतं तर समद्या बायांनी सांगितलं आसतं. गड्यांनी तर नेताना कुनाला बगितलंच न्हाई."

मेंढपाळ ओळीकडे पाहत पुढे आला. ओळीच्या शेवटी त्याचीच बायको बसलेली होती, पुढे चांगला रुंद दगड.

"तुजाबी हाय व्हय गं?" तो म्हणाला. "म्हंजी चोर आमच्याच घरात निगाला की!"

"चोर कशापायी?" ती म्हणाली. "तुमचाच पटका धुतीया त्याच्यावर."

हवालदारांनी नियमाप्रमाणे विचारले, हा मुद्देमाल जप्त करायचा का. एका बाईने हातातले लुगडे वर धरले. "करा की जप्त. पर आदी एवडं पिळून घिऊ द्या."

ओव्हरसियरनी तिथेच उभे राहून बायांना समजावून सांगितले. दगड जिथून निघाले आहेत तिथे पाणी पावसाळ्यात येते, लाट त्याच उघड्या मातीवर आपटते, आणि आतून पोकळ झालेला भराव वरून चांगला दिसत असतानाच बसतो. बायांनी ऐकून घेतले. नंतर एकीने विचारले, "दगड देतो. धुनं तुमच्या हापिसात आनायचं का?" त्यावर ओव्हरसियरही हसले. भराव संपून कठीण मुरमाची नैसर्गिक कड सुरू होते तिथे धुण्यासाठी पायऱ्या करायच्या, असे ठरले. दगड माळावरचे, मेहनत गावाची, आणि आखणी ओव्हरसियरची. बाया सांगतील तो दगड पुरुषांनी वर चढवायचा, हेही ठरले. त्या आठवड्यात गावातले बहुतेक पुरुष आयुष्यात प्रथमच बाभळीच्या पुढे गेले.

तपासात प्रश्नातला शब्द उत्तर देणाऱ्याच्या बोलण्यातला असावा लागतो, हे मी या प्रकरणानंतर नव्या हवालदारांना सांगत असे. पंचनाम्याला गेल्यावर लोक कुठे थांबतात ते आधी पाहावे, हेही सांगत असे.

गुन्हा गैरसमजुतीने दाखल झाल्याचे ठरून न्यायालयात सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. ती मंजूर झाली. पिचिंग पावसाच्या आधी पुरे झाले. त्या वर्षी तलाव भरून सांडव्यावरून पाणी गेले आणि भरावाला काही झाले नाही.

राहिला लग्नाचा प्रश्न. समरीचा कागद नवरदेवाच्या चुलत्यांना पटेल, असे वाटत नव्हते. दगड सापडले त्याच दिवशी हवालदार त्यांच्या गावी गेले आणि चावडीवर, चार माणसांसमोर, सगळी हकीकत सांगितली. चुलत्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"म्हंजी मुलीच्या आईनं दगड काडला, हे खरं?"

"खरं. गावातल्या सगळ्याच बायकांनी काढले."

चुलत्यांच्या गावालाही दुष्काळात बांधलेला तसाच एक तलाव होता. ते उठले, हवालदारांना घेऊन तलावावर गेले आणि बायकांच्या बाजूला उतरले. पाण्याकाठी फोडीव दगडांची ओळ होती. पहिल्या दगडावर त्यांची स्वतःची बायको धुणे आपटत होती.

लग्न ठरल्या दिवशी लागले.