ब्रदर सेवेरीनचं ताट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वाल्बुर्गा श्टाडलर ओबरब्रुनच्या मठात, ग्रंथालयाच्या दाराशी गुडघ्यांवर बसून फेल्टच्या सपाता जोडीजोडीने लावत होती. बुटांवर त्या चढवल्याशिवाय आतल्या लाकडी नक्षीच्या जमिनीवर कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. वाल्बुर्गा आलेल्यांना मठ दाखवते. वय साठीला टेकलेलं, आवाज घोगरा, लग्न केलं नाही. तिचा थोरला भाऊ सेवेरीन याच मठात ब्रदर होता. तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेला. मठात उरलेले सगळे ब्रदर म्हातारे आहेत आणि भोजनगृहातल्या लांब टेबलाचं एकच टोक त्यांना पुरतं.

लिंझहून बस भरून पेन्शनर आले. तिने त्यांना ग्रंथालय दाखवलं, छतावरचे गुबगुबीत देवदूत दाखवले, संगमरवर वाटावा असे रंगवलेले लाकडी खांब दाखवले आणि भोजनगृहात नेलं. टेबलावर एका जागी ताटाऐवजी क्रूस होता, शेजारी मेणबत्ती.

"कोणाला तरी उठायला उशीर झालेला दिसतोय," टोपीवाले एक गृहस्थ म्हणाले. दोघीतिघी हसल्या.

"तो उठायचा नाही," वाल्बुर्गा म्हणाली. मठातला माणूस गेला की महिनाभर त्याची जागा अशी मांडलेली राहते. त्याच्या वाट्याचं जेवण रोज दुपारी फाटकावर एखाद्या गरिबाला देतात. गरिबाने ते खायचं आणि गेलेल्यासाठी प्रार्थना करायची. हे सगळं तिने सांगितलं. गेलेला आपला भाऊ, हे सांगितलं नाही.

दुपारी किल्ल्या द्यायला ती फाटकावरच्या खोलीत गेली. दारावर बसणारे ब्रदर कोलोमन एका ताटातले पावाचे उकडलेले गोळे बादलीत खरवडून टाकत होते.

"हे कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? सेवेरीनचं."

"आणि बादलीत?"

"कोंबड्यांना. पहिल्या दिवसापासून. वाल्ली, फाटकावर शेवटचा गरीब कधी आला होता, सांग बघू. आता सरकारी मदतीचे पैसे त्यांच्या बँकेत जमा होतात."

"कोंबड्या प्रार्थना करतात?"

"माझ्याआधी उठतात, एवढं खरं."

वाल्बुर्गा हसली नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सेवेरीनने तिला दोनदा विचारलं होतं, "माझं जेवण कोणीतरी खाईल ना गं?" तिने दोन्ही वेळा हो म्हटलं होतं.

"महिना संपायला आठवडा आहे. मी खाते."

"घरच्यांनी खायचं नसतं. तुला माहीत आहे."

"मग तुम्ही खा."

"आम्ही गरिबीची शपथ घेतलेली माणसं. गरीब नव्हे. एवढ्या मोठ्या मठाच्या खिडक्या मोज, मग बोल."

चर्चच्या मागे हासलिंगरबाई एकट्या राहतात. त्या हिवाळ्यात फक्त स्वयंपाकघरात शेगडी पेटवतात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. वाल्बुर्गाने त्यांचं दार वाजवलं. बाईंनी ते अर्धंच उघडलं.

"मठात रोज एक ताट शिल्लक राहतं. म्हटलं, तुम्हाला..."

"मी उपाशी आहे असं कोण म्हणालं? ती बेकरीवाली?"

"कोणी नाही. सेवेरीनचं ताट आहे, हासलिंगरबाई. एक आठवडा फक्त."

म्हातारीने रस्त्यावर कोणी नाही ना, ते पाहिलं.

"दोन हिवाळे त्याने मला लाकडं फोडून दिली. देव त्याचं भलं करो. पण फाटकावर हात पसरून उभी राहू? तिथे बस भरभरून माणसं येतात, फोटो काढतात. आणि तो कोलोमन खिडकीतून बघणार, संध्याकाळपर्यंत गावभर होणार. मेले तरी नाही."

दार लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. वाल्बुर्गा पुन्हा मठाकडे वळली.

"ताट फाटकाबाहेरच्या बाकावर ठेवा," तिने कोलोमनना सांगितलं. "झाकून. आणि तुमची खिडकी लावून घ्या."

"गार होईल."

"होऊ दे."

"कुत्र्याने खाल्लं तर?"

"तर कुत्र्याने खाल्लं."

"अगं, मग तुला कळणार कसं? कोणी आलं, प्रार्थना केली, नाही केली?"

"नाही कळणार."

कोलोमननी मान हलवली, पण उठून खिडकीची लाकडी झडप ओढून पाहिली. बिजागरीला गंज होता. त्यांनी तेल मागवलं.

उद्या बुधवार, मठात मसूर असते. ताट बारा ते एक बाकावर राहील. मठ बघायला आलेल्यांची बाराची फेरी फाटकातून न निघता बागेच्या दाराने निघेल. तशी पाटी तिकीटखिडकीवर आजच लागली आहे.