चाक असवानला, पोट शुब्र्यात

उस्ताद वहबा फानूस माझ्या डोक्यावर राहतात. म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर आणि ते चौथ्यावर, गेली बत्तीस वर्षं. त्यांच्या घरात चमचा पडला तरी मला कळतं, आणि त्यांच्या घरात चमचा जरा जास्तच वेळा वापरात असतो. शिवाय त्यांची दोरीला बांधलेली टोपली खाली हाज मुतवल्लीच्या किराणा दुकानाकडे जाते ती बरोब्बर माझ्या बाल्कनीसमोरून. टोपली सोडायची, हाक मारायची, सामान पडलं की वर ओढायची. चार जिने उतरून पुन्हा चढतो कोण? त्यामुळे उस्तादांच्या पोटात काय जाणार हे त्यांच्या बायकोच्याही आधी मला दिसतं. त्यात मी शिंपीण. त्यांच्या पँटी मी शिवते आणि दर दोन वर्षांनी कंबरेत उसवून मोठ्या करून देते.

माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची बरीच उणीदुणी काढणार आहे. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत भूगोल शिकवला. आमच्या शुब्रा वस्तीतल्या निम्म्या पोरांचे कान त्यांनी पिरगळलेत. निवृत्त झाल्यावर कान पिरगळायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते बसले आणि खाऊ लागले.

मागच्या ऑक्टोबरात त्यांच्या बायकोचं, आमच्या अफाफचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. पाच तास ती आत होती. बाहेर बाकावर आम्ही दोघं. उस्तादांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला. मध्येच ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभू, ही जिवंत बाहेर येऊ दे. मोठ्या शुक्रवारी चारशे मेतानिया घालीन. एकही कमी नाही."

मोठ्या शुक्रवारी, प्रभूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, आमच्या देवळात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चारी दिशांना शंभर शंभर मेतानिया घालतात. गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं आणि पुन्हा ताठ उभं राहायचं. उस्ताद मागची तीन वर्षं खुर्चीवर बसून नुसती मान हलवत होते. एकशे सोळा किलोंचा माणूस! बुटाची नाडी बांधायची तर अफाफ वाकते.

मी म्हटलं, "उस्ताद, चाळीस म्हणा. देव ऐकतो चाळिसातसुद्धा."

"ही काय बाजारातली घासाघीस आहे, उम्म नाजी? बोललो ते बोललो. आणि हे बघ, अफाफला यातलं अक्षर कळता कामा नये. ती मला करू द्यायची नाही."

अफाफ जिवंत बाहेर आली. आता चारशे मेतानिया उस्तादांच्या मानगुटीवर बसल्या, आणि ते गुपित माझ्या. मला विचाराल तर माझं ओझं जड होतं.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्याच सोमवारी वर धडधड झाली. दोन माणसांनी काहीतरी लोखंडी सामान चढवलं. एका जागी ठेवून चालवायची सायकल! उस्तादांनी ती बंदिस्त बाल्कनीत, माझ्या शिलाई मशीनच्या बरोब्बर वर ठेवली. दुपारी चारला सुरू झाली ती कीं-कुर्र, कीं-कुर्र करत सहाला थांबली. माझ्या डोक्यावर कोणी मिरे वाटावे तसं झालं. तेवढ्यात दार वाजलं. उस्ताद, घामाने निथळत, हातात राखाडी पँट.

"उम्म नाजी, ही कंबरेत चार बोटं आत घे. ईस्टरला घालणार आहे."

"चार बोटं? कोणाच्या कंबरेतून?"

"माझ्याच. टीव्हीवर एक माणूस सांगत होता, रोज दोन तास चालवली की पन्नास दिवसांत वीस किलो उतरतात. आपला उपास पंचावन्न दिवसांचा. म्हणजे पाच दिवस उरतातसुद्धा. आणि अंग हलकं झाल्याशिवाय त्या चारशे कशा घालणार मी?"

मी ती पँट खिळ्याला अडकवून ठेवली. कात्री लावली नाही.

त्यांनी बाल्कनीच्या भिंतीवर देशाचा नकाशा लावला. शेवटी भूगोलाचेच मास्तर! सायकलीवरचा आकडा बघायचा आणि तितकी टाचणी नाईलच्या काठाने पुढे सरकवायची. जिन्यात भेटले की मला खबर मिळायची. "आज बनी सुएफ ओलांडलं." "मिन्यात पोचलो, हवा छान आहे." अफाफ हसून हसून टाक्यांवर हात धरायची. "या वयात कोणासाठी बारीक होतोयस रे वहबा? कोण आहे ती? उम्म नाजी, तुला ठाऊक असेल तर सांग, मी रागावणार नाही." मी तोंडातल्या टाचण्या काढायच्याच नाहीत असं ठरवलं होतं. उस्ताद लाल व्हायचे आणि आणखी जोरात पाय मारायचे.

पण माझं लक्ष टोपलीकडे. सहा वाजले, सायकल थांबली, की टोपली खाली. वर येताना तिच्यात काय असायचं? हलाव्याचा डबा. तिळाचा, पिस्ते घातलेला, पाव किलोचा. कधी जोडीला कागदात गुंडाळलेली गरम तामिया, म्हणजे वाटलेल्या कडधान्याचे तळलेले वडे, तेलाने कागद पारदर्शक झालेला. कधी तळलेल्या बटाट्याचे काप घातलेला पाव. शेवटी मला राहवलं नाही.

"उस्ताद, हा रोज हलावा?"

"मग? सियामी आहे!"

सियामी म्हणजे उपासाला चालणारं. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, तूप नाही. आणि हे एका उस्तादांचं वेड नाही हो. आमच्या अख्ख्या देवळाची समजूत आहे की सियामी खाण्याला वजनच नसतं. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस आम्ही उपासाला असतो आणि आमच्या बायका देवळाच्या दारातून अंग तिरकं करून बाहेर पडतात. मीही त्यात आलेच, माझ्या कंबरेला कोणी टेप लावू नये. उस्ताद तर मला भूगोल समजवावा तसं समजावू लागले. "उपासाचं खाऊन माणूस जाड कसा होईल? मग त्याला उपास का म्हणायचं?"

महिना झाला. टाचणी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, असवानला पोचली. त्या दिवशी उस्ताद जिन्यात मोठ्याने गाणं म्हणत उतरले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काट्यावर उभे राहिले. सहाशे ग्रॅम उतरलं होतं. काटा बिघडलाय म्हणून पुढच्या दुकानात गेले. तिथेही तेच. शेवटी मुतवल्लीच्या बटाट्याची पोती तोलायच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. मी वरून बघत होते.

हाज मुतवल्ली चष्मा पुसून म्हणाला, "एकशे पंधरा, वर चारशे. उस्ताद, हा पोत्यांचा काटा आहे, याला कोणाची भीड पडत नाही."

चाक असवानला गेलं, पोट मात्र शुब्र्यातच राहिलं. मी हे बाल्कनीतून ओरडून म्हटलं, आणि उगाच म्हटलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना देवळाच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे डॉक्टर नर्दीन बसते. नाईल दक्षिणेकडे वाहते असं लिहिल्याबद्दल उस्तादांनी तिला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता तिची पाळी होती.

तिने सगळं विचारून घेतलं. मग हसू दाबत म्हणाली, "सर, दोन तास पाय मारून तुमचं जेवढं जळतं, त्याहून जास्त तुम्ही टॉवेल वाळायच्या आत हलाव्यातून परत घालता."

"सियामी आहे तो!"

"देवापुढे सियामी असेल. पोटापुढे तो तेल आणि साखर आहे, सर."

"पण वीस किलो..."

"वीस किलोंना वर्ष लागेल, कदाचित जास्तच. ईस्टरपर्यंत ताट सांभाळलंत तर तीन-चार उतरतील. टीव्हीवरचं विसरा. सायकल एकटी वजन उतरवत नाही. पण ती सोडू नका. पाय कसे आहेत तुमचे? धाप?"

उस्ताद उठून दाराकडे निघाले. परतताना वाटेत एवढंच म्हणाले, "तीन किलोंनी चारशे होत नाहीत, उम्म नाजी. मी प्रभूला फसवलं."

मग वर सगळं शांत झालं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. ज्या आवाजाला मी महिनाभर शिव्या घातल्या तो थांबला आणि माझी शिलाई वाकडी जाऊ लागली. खरं सांगते, मला रडू येत होतं. तो माणूस वर बसून देवाला तोंड कसं दाखवू म्हणून झुरतोय, आणि बायको बिचारी समजतेय, खूळ उतरलं एकदाचं.

पाचव्या दिवशी टोपली मात्र खाली गेली. वर येताना आत हलावाच, या वेळी अर्ध्या किलोचा. माझं डोकं फिरलं. मी बाल्कनीतून वाकून दोरी धरली.

वरून ओढ. खालून मी घट्ट.

"कोण आहे? दोरी सोड!"

"नाही सोडत!" मी हलावा काढून घेतला आणि माझ्या ताटातल्या चार काकड्या आणि दोन संत्री टाकली. "आता ओढा!"

"उम्म नाजी, ही चोरी आहे! उपासाच्या दिवसांत!"

"हो, आहे! पापं माझी, मी बघून घेईन. सायकलीवर बसा म्हणजे बोटभर तुकडा मिळेल. रोज बोटभर, मोजून. नाहीतर हाज मुतवल्लीला सांगते, तुमच्या टोपलीत मुळा सोडून काही घालू नकोस!"

खालून मुतवल्ली ओरडला, "मुळा ताजा आहे, उस्ताद!"

समोरच्या इमारतीतली माणसं हसायला लागली. वरून एक डोकं बाहेर आलं. मग उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "उम्म नाजी, खरं सांग. त्याने काही होईल?"

"वजनाचं मला माहीत नाही. पण त्या दिवशी दवाखान्यातून आलात तेव्हा चारही जिने एका दमात चढलात. मी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी होते आणि तुम्ही वरून मला हाका मारत होतात. ते तुमच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं."

थोड्या वेळाने कीं-कुर्र सुरू झालं. मी मशीनवर बसले आणि डोळे पुसले.

मोठ्या शुक्रवारी देऊळ काळ्या पडद्यांनी भरलेलं, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. पूर्वेला तोंड केलं की डाव्या अंगाला पुरुष, उजव्याला आम्ही बायका. आदल्या दिवशी काट्यावर उस्ताद एकशे बारा भरले होते. त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. ती त्यांनी बाजूला सारली आणि मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले.

पूर्वेच्या शंभर झाल्या. पश्चिमेच्या शंभर झाल्या. मी प्रार्थना कसली म्हणते, नुसती मोजत होते. मग सगळ्यांनी उत्तरेकडे तोंड केलं आणि आम्हा बायकांसमोर पुरुषांच्या पाठी आल्या. अफाफने माझा दंड धरला.

"उम्म नाजी, तो वहबा आहे ना? खाली का पडतोय तो? वेड लागलंय का याला? अगं, मरेल तो! मी जाते, थांबवते त्याला."

ती रांगेतून निघालीच. मी तिची बाही पकडली. सहा महिने सांभाळलेलं माझ्या तोंडून सुटलं.

"गप उभी राहा. तू ऑपरेशनला आत होतीस तेव्हा नवस बोललेत ते. चारशेच्या चारशे. तुझ्याच आहेत त्या."

अफाफने छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवला.

मग दक्षिण आली. सगळं देऊळ वळलं. आम्ही बायका वळलो, पुरुष आमच्या पाठीमागे आले. अफाफ वळली नाही. सगळ्या देवळात ती एकटी उलटी उभी, नवऱ्याकडे तोंड करून. मीही मान मागे वळवून बघितलं, देव मला क्षमा करो. उस्ताद जमिनीवरून उठायचे तेव्हा समोर अफाफ दिसायची. पहिल्यांदा दिसली तेव्हा ते थबकले. त्यांना कळलं की तिला कळलंय. मग पुन्हा गुडघ्यावर गेले. अफाफचे ओठ हलत होते, ती आकडे म्हणत होती, आणि साठानंतर मोठ्याने म्हणू लागली. कोणी तिला गप केलं नाही. नव्वदला ते एका हातावर टेकून राहिले. "एक्याण्णव," अफाफ म्हणाली, वर्गात म्हणावं तसं, आणि ते उठले.

शंभरावी झाल्यावर ते ताठ उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले.

बाहेर पायऱ्यांवर ते मला गाठून म्हणाले, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, उम्म नाजी."

"सहा महिने भिजला की," मी म्हटलं. "पँट कधी घेऊन जाताय? बोटभर आत घेतलीये."

"चार सांगितली होती."

अफाफने त्यांचा हात धरला होता. ती वाकली, त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला. उस्तादांनी तिला वर उठवलं आणि स्वतः खाली वाकून बांधली.