चौदा सिलेंडरांना तेलपाणी

आबांच्या हाताचा रंग रोज वेगळा असायचा. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये त्या दिवशी जो माल असेल, तो रंग. धुळ्याकडचं गाव सोडून आम्ही सुरतला आलो तेव्हा मी तीन वर्षांची होते. एका खोलीत सात जण. माय घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायची आणि जेवताना ताटात धागे निघायचे. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाचा अंगठा हवा होता. क्लार्कनं शाईचं पॅड पुढे केलं, तोवर आबांनी घामेजलेला अंगठा कागदावर दाबलासुद्धा. स्वच्छ निळा ठसा उठला. त्या आठवड्यात मिलमध्ये निळा माल होता.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे.

बी.एस्सी. झाले. मुंबईच्या एका हॉस्पिटलात रेस्पिरेटरी टेक्निशियनचं काम शिकले आणि नव्वदच्या दशकात सुरतच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात त्या विभागाची इनचार्ज झाले. ज्याला स्वतःचा श्वास पुरत नाही, त्याला तो पुरवणं हे आमचं काम. विभाग म्हणजे दोन व्हेंटिलेटर, मला धरून तीन माणसं आणि एक स्टोअररूम. ऑक्सिजनची पाइपलाइन तेव्हा आमच्याकडे नव्हती. छातीइतक्या उंच लोखंडी सिलेंडरमधून तो यायचा. पेशंटच्या खाटेशेजारी एक उभा, बाकीचे स्टोअरमध्ये.

आता दसऱ्याचं सांगते. सुरतेत त्या दिवशी चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. लूम, रिक्षा, शिलाई मशीन. आमच्या हॉस्पिटलात तर एक्स-रे मशीनला आणि लिफ्टलाही हार पडायचा. आबा तोवर मिलमधून रिटायर झाले होते आणि रिकामे हात त्यांना सोसत नव्हते. घरातलं दार, सायकल, शेजाऱ्यांचं शिलाई मशीन, सगळ्यांना त्यांनी तेल दिलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते पिशवीभर झेंडू घेऊन माझ्या विभागात आले.

मी वॉर्डकडे निघाले होते. जाता जाता म्हटलं, "आबा, स्टोअरमधले सिलेंडर तेवढे पुसून ठेवा."

एवढंच म्हटलं. पुढचं सगळं माझ्या या एका वाक्यातून झालं.

दसऱ्याला सकाळी स्टोअर उघडलं तर चौदा भरलेले सिलेंडर नवऱ्या मुलासारखे उभे. पुसलेले, कुंकू लावलेले, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडू. मला भरून आलं. मग व्हॉल्व्ह उघडायची चावी एकावर ठेवली आणि ती सुळकन घसरली. बोटाला वास घेतला. शिलाई मशीनचं तेल.

आबा मागेच उभे होते, शाबासकीची वाट बघत. घरी आम्ही अहिराणीच बोलतो.

"आबा, हाई काय लावं?"

"तेल."

"कशाले?"

"आटा कोरडा व्हतात. इतलं भारी सामान, नि तेलना थेंब नही. तुन्हा हाताखालना लोके काय करतस?"

"सगळास्ले लावं?"

"मंग काय, एकलेच?"

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला फार जोरात जाळतो. सिलेंडरमध्ये तो प्रचंड दाबानं भरलेला असतो. व्हॉल्व्हच्या आट्यांना तेल असेल आणि तो उघडला, तर काडी न लावता भडका उडू शकतो. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. तो मी दोन्ही टेक्निशियनना, नर्सना, झाडूवाल्या मावशींना शिकवला होता. आबांना नव्हता शिकवला. त्यांना काय शिकवायचं, ते तर जन्मभर मशीनवरचे.

स्टोअरला कुलूप लावलं आणि वॉर्डात धावले. ऑक्सिजनवर तीन पेशंट होते. दोघांचा रात्रीपर्यंत पुरला असता. जरीकाम करणारे एक चाचा होते, त्यांच्या सिलेंडरचा काटा बघून हिशोब केला. संध्याकाळी सहा. चाचांनी मास्क बाजूला करून विचारलं, "बेटी, जलेबी आई?"

"मास्क लगाओ, चाचा."

डायरेक्टर देसाईसाहेब फाफडा खात होते; सुरतेत दसरा म्हणजे फाफडा-जिलबी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किसने किया?"

"माझ्या वडिलांनी. सांगितलं मी."

साहेबांनी फाफडा खाली ठेवला. "तेल पोंछ नहीं सकते?"

"नाही. प्लांटमध्ये पाठवूनच साफ करावे लागतात."

"तो दूसरे लाओ. बाद में बात करते हैं."

दोन हॉस्पिटलांना फोन केले. एकाकडे नव्हते, दुसऱ्याकडे कोणी उचलला नाही. आमचा सप्लायर रमणभाई, त्याचा प्लांट सुरतबाहेर सचिन नावाच्या गावाला. फोनवर म्हणाला, आज बंद. मी अँब्युलन्सच काढली. आबा न विचारता पुढे बसले आणि वाटेत मी त्यांना तो पहिला धडा शिकवला. अँब्युलन्सचीही पूजा झाली होती. पुढे केळीचे खांब, हार, चाकाखाली लिंबू. रस्त्यात लोक वाकून आत बघत होते, नवरी कुठंय म्हणून.

रमणभाई प्लांटच्या दारातच होता. मागे भरलेल्या सिलेंडरांची रांग, कुंकवाचे टिळे.

"बेन, पूजा हो गई. अब कल सुबह तक लोखंड को हाथ नहीं लगाने का."

मी पेशंटचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण तो हलला नाही. वडिलांपासूनची रीत, म्हणाला. घड्याळात साडेतीन झाले होते. मी आवाज चढवणार, तेवढ्यात आबांनी मला कोपरानं मागे सारलं.

"शेठ, मैं तीस साल मिल में था. पूजा के बाद हमारा शेठ कपडे का एक ताका रंगाता था. पीला. मुहूर्त बोलता था."

"मुहूर्त तो हम भी करते हैं, काका."

"आज का किया?"

"नहीं. छुट्टी के दिन पार्टी कहाँ से आएगी?"

सुरतेत पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ये खडी है ना."

रमणभाईनं माझ्याकडे बघितलं. मग रांगेकडे. मग आभाळाकडे.

"कितना माल?"

"चौदा."

"मुहूर्त में चौदा? मुहूर्त एक का होता है."

"कपडे का एक होता है, शेठ. ये सांस है."

रमणभाई हसला आणि त्यानं माणसांना हाक मारली. अँब्युलन्समध्ये सहाच मावले, बाकीचे त्यानं त्याच्या टेम्पोत चढवले. मी एकेक व्हॉल्व्ह तपासत होते. सगळे कोरडे. धंद्यातली माणसं, कुंकू लावतील पण तेल नाही लावणार. एक जण निघताना ओवाळायला निरांजन घेऊन आला, तर आबा आडवे झाले.

"दिया दूर. तेल का हाथ भी दूर. ऑक्सिजन है, मालूम नहीं?"

वीस वर्षं ऑक्सिजन विकणारा रमणभाई माझ्याकडे बघू लागला. मी झेंडूचा हार बघत बसले.

सहाला वीस मिनिटं असताना चाचांचा सिलेंडर बदलला. त्यांना कळलंही नाही. ते जिलबीचं विचारत होते. तेलाचे चौदा दुसऱ्या दिवशी प्लांटला गेले आणि साफ होऊन परत आले.

देसाईसाहेबांनी मला लेखी द्यायला लावलं. मी चूक माझ्या नावावर लिहिली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अब बोर्ड लगाओ." बोर्ड लागला. गुजराती, हिंदी आणि मराठी: सिलेंडरला तेल किंवा ग्रीस लावू नये. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "खाले तुन्हं नाव शे का?" होतं. त्यांनी ते बोटानं चाचपून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

पुढच्या दसऱ्याला आबा स्टोअरच्या दाराशी स्टूल टाकून बसले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात हुंगून बघू लागले. देसाईसाहेबांचेसुद्धा.

एवढं मात्र मी शिकले. नवख्याला काय करायचं ते सांगावं. पण ज्याला काम येतं, त्याला काय करायचं नाही ते आधी सांगावं.

त्या विभागाची मी नऊ वर्षं इनचार्ज होते. त्या दिवसानंतर एकाही सिलेंडरला तेल लागलं नाही.