त्यांच्या पानातलं

आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, जेवायला बसले की पंगतीतला आचारी आधी देवाला नमस्कार करायचा आणि मग बायकोला निरोप पाठवायचा, की आज घरी यायला उशीर होईल. यात माझ्या पदरचं काही नाही. पर्वतीखालच्या एका ब्राह्मणभोजनात त्यांनी लाडवांची परात रिकामी केली, तेव्हा वाढपी दुसरी आणायला म्हणून जो गेला तो थेट काशीला जाऊन राहिला, असं अख्खी नारायण पेठ सांगे. मी एवढंच म्हणेन की तो परत आलेला मी तरी पाहिला नाही.

अंगानं मात्र ते शिडशिडीत. पेशव्यांच्या फडावर कारकुनी करायचे, दिवसभर मांडी घालून बसायचे, आणि खाल्लेलं कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. माझ्या पायांत जायचं.

ते कसं, ते सांगते. आमच्या घरी पुरुषांची जेवणं उरकली की बायका आपापल्या नवऱ्याच्या पानावर बसत. त्याच पानावर, त्याच जागी. त्यांनी जे टाकलं असेल ते आधी खायचं, मग हवं तर वाढून घ्यायचं. पानात राहिलेलं टाकायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक होता. तो मोडायची माझी छाती नव्हती. सासूबाईंच्या एका नजरेनं दूध नासायचं, हेही पेठेत विचारा.

आणि ते टाकायचे काय? भाजीचे देठ नव्हेत, मिरचीचे तुकडे नव्हेत. पुरणपोळीचा मधला, पुरणानं फुगलेला भाग ठेवायचे आणि कडा स्वतः खायचे. सणावारी एक लाडू अख्खा. आणि रोजच्या रोज, कात्रजचं पाणी हौदात पडतं तशी ज्या भातावर तुपाची धार पडलेली असायची, त्या भाताची निम्मी मूद. भरल्या घरात आम्हाला एकमेकांशी बोलायची चोरी. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं तरी आगाऊपणा ठरे. तेव्हा त्यांना जे काय म्हणायचं असेल ते पानात म्हणायचे, आणि मी ते खायचे. शेजारणीच्या नवऱ्यानं तिला पैठणी आणली, तर माझ्या पानात त्या दिवशी दोन लाडू. मला पैठणीचं कधी काही वाटलं नाही.

मी मूळची कोकणातली, खाडीकाठची. लहानपण नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पेज नि ताक यांवर गेलेलं. अक्षरं वडिलांनी वाळूत गिरवून घेतली, तीही पेजेची वाटी हातात धरूनच. त्या खाण्यावर मी माडाच्या झाडावर चढत असे. अर्ध्यापर्यंत. बरं, चढायचा विचार करत असे. लग्न होऊन पुण्याला आले आणि काही वर्षांत अशी झाले की उंबरा ओलांडला तरी धाप लागे. पाऊल दाबलं तर बोट रुतून खळगा पडे आणि तो भरून यायला एक आरती पुरी होई.

त्या साली माघात माहेरचा माणूस सांगावा घेऊन आला. आईला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आहे, पुरतं दिसेनासं व्हायच्या आत लेकीला एकदा बघायची आहे. सासूबाईंनी, नवल म्हणजे, लगेच होकार दिला. पण घाट उतरायचा म्हणजे डोली सगळीकडे नेता येत नाही, काही ठिकाणी उतरून पायी चालावं लागतं. म्हणून वैद्यबुवांना बोलावलं.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, पाय पाहिले आणि सासूबाईंना विचारलं, "हे पाय आहेत की कोहळे?"

"उतरेल का घाट?" सासूबाई म्हणाल्या.

"उतरतील की. एकदा ढकललं की थेट खालपर्यंत."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाचणीची आंबील घ्या. मुगाचं कढण, पडवळ, दुधी, पातळ ताक. तूप, गोड, तळण बंद. वैशाखापर्यंत सूज उतरली तर जा. नाही उतरली तर मग पाऊस, आणि पावसात घाट बंद. पुढल्या सालचं पुढल्या साली."

पुढल्या साली आईला मी दिसणार होते का, हे कुणी बोललं नाही. मला तेवढंच ऐकू येत होतं.

सासूबाई नाचणीचं नाव ऐकून नाक मुरडत म्हणाल्या, "ओझेकऱ्यांचं खाणं आमच्या चुलीवर?" त्यांचंही बालपण घाटाखालीच गेलेलं. पण पुण्याचं पाणी पोटात गेलं की माणूस पहिल्यांदा नाचणी विसरतो. तरी बुधवारच्या बाजारात मावळातली नाचणी मिळाली, ती आणवली. आंबील झाली. वाटी भरून माझ्यापाशी ठेवली. पण आंबिलीआधी ते पान! पानात तुपानं निथळणारी मूद, आणि बाजूला, पौर्णिमा होती म्हणून, पोळीचा तो मधला भाग. टाकायची सोय नाही. खाल्लं. मग वर आंबील ओतली. असा पंधरवडा गेला. पाय उतरायचे सोडून आणखी भरले. माझं मन रोज पहाटे घाट उतरून जायचं आणि दुपारी त्यांच्या पानावर बसून परत वर चढून यायचं.

नको म्हणावं तरी कसं? त्या पानात माणूस आपलं काळीज काढून ठेवतो आणि तुम्ही म्हणणार, मला पचत नाही?

शेवटी मी गाईला धरलं. आमच्या परसात गोठा होता आणि गोठ्यालगत आड. ते फडावरून आले की आडावर हातपाय धुवायला येत. गाईशी बोलायला कुणाची बंदी नव्हती.

"गाई," मी आंबोण ढवळत म्हटलं, "तुला धन्यानं रोज लाडू चारला तर तुझे खूर सुजतील की नाही गं?"

ते पाय धुत होते. तांब्या थांबला. पाठमोऱ्यानंच म्हणाले, "गाईला लाडू आवडत नाहीत, असं कुणी सांगितलं?"

"आवडतात हो. तोच तर घोटाळा आहे. पण गाईला वैशाखात घाट उतरायचा आहे. आईचे डोळे जायच्या आत."

"वैद्यांनी लाडू बंद केलेत?"

"लाडू, तूप, पोळी, सगळं. नाचणी खा म्हणालेत."

त्यांनी तांब्या आडाच्या काठावर पालथा घातला. मग म्हणाले, "गाईनं हे आधी सांगायचं."

"गाईला बोलायची सोय कुठंय या घरात?"

आतून सासूबाई ओरडल्या, "कुणाशी बोलतेयस गं?"

"गाईशी!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो, आणि दोघंही लाल झालो.

दुसऱ्या दिवशी पानावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "आई, मला नाचणीची भाकरी वाढ. तूप नको."

सासूबाईंच्या हातातली तुपाची तामली कलंडता कलंडता राहिली. "काय रे? बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय."

"पडवळ वाढू?" त्यांनी चेष्टेनं विचारलं.

"वाढ."

संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी त्यांची दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघा, कुणा मेलीची लागलीय ती!" मी चुलीशी मान खाली घालून बसले होते.

नाचणीचा पहिला घास त्यांनी कसा खाल्ला ते मी दाराच्या फटीतून पाहिलंय. पानिपतावरून पळत परत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही इतकं दुःख नसेल. घास तोंडात इकडून तिकडे फिरवत होते, जणू दाराची वाट शोधत होते. पण गिळला. निम्मी भाकरी खाऊन निम्मी ठेवली, पडवळाची वाटी अर्धी ठेवली, ताक अर्धं. सगळं मोजून अर्धं. मी त्या पानावर बसले तेव्हा मला भाकरी आणि आसवं एकत्रच गिळावी लागली. तोंडी लावायला मीठ लागलं नाही.

मला वाटायचं, बाहेरच्या जेवणावळींत भरपाई करत असतील. करू देत. पण त्यांच्या उपरण्याला केशराचा वास येईना. पेठेत बोलवा उठली की हा माणूस आमंत्रणं परतवतो. म्हणे आचाऱ्यांनी ओंकारेश्वराला अभिषेक केला. मी गाईला विचारलं, "धनी जेवणावळीला का जात नाहीत गं?"

आडापाशी उत्तर आलं. "तिथं पान पुसून उठायचं असतं. कुणासाठी काही ठेवायचं नसतं. तसं जेवायची सवय मोडलीय."

चैत्र सरता सरता घोटे दिसायला लागले. माझे घोटे! सासूबाईंनाही दाखवले. वैद्यबुवांनी पाऊल दाबून पाहिलं आणि म्हणाले, "गुण आला. कुणाच्या पथ्यानं ते तुम्हीच ठरवा." वैशाखात डोली निघाली. ते पेठेच्या टोकापर्यंत आले आणि भोयांना तीन वेळा सांगितलं की खडकाळ जागी सावकाश. मला चारचौघांत कसं म्हणणार?

आईला मी दिसले. आधी चेहऱ्यावरून हात फिरवून आणि मग अगदी जवळून, नाकाला नाक लावून. पाऊस लागला, घाट बंद झाला आणि मी आईपाशीच राहिले. माहेरी मला कोरं, स्वच्छ, एकटीचं पान मिळे. आई म्हणायची, "काय हवं ते वाढून घे गो." मी त्या हिरव्यागार पानासमोर बसून राहायचे. काय घ्यावं आणि कुठून सुरुवात करावी तेच कळेना. ज्या पेजेसाठी इतकी वर्षं जीव तुटला होता ती समोर होती, गरम होती, आणि माझं मन आता उलट दिशेनं घाट चढायला लागलं होतं. पावसाच्या दुपारी मी त्या पानात त्यांच्या बोटांनी मोडलेली पोळी शोधायचे. आता तर ते नाहीतच. कितीतरी वर्षं माझं पान कायमचं माझं एकटीचं आहे, एकवेळचं, अळणी, वैद्यानं पाठ थोपटावी असं. तरी जेवायला बसले की तेच शोधते.

त्या साली दिवाळीला ते मला न्यायला आले. आईनं न दिसणाऱ्या डोळ्यांनी उकडीचे मोदक वळले. एकाचीही कळी चुकली नाही. त्यांनी पहिला मोदक फोडून तुपात बुडवला आणि मला दाराआडून दिसलं, की आमच्या घरचे आपल्या मूळ रूपात परत आले. तीन, पाच, नऊ. त्यापुढे वडिलांनी मोजणं सोडून मागच्या दारी जाऊन नारळ आणखी आहेत का ते पाहिलं.

मी वाट पाहत होते. अख्खा पावसाळा मी या पानाची वाट पाहिली होती.

तेवढ्यात ते म्हणाले, "थोडी नाचणीची भाकरी मिळेल का?"

आई दाराआडून म्हणाली, "अहो जावईबुवा, दिवाळीच्या दिवशी नाचणी वाढू तुम्हाला? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"एक चतकोर. परत घाट चढायचा आहे."

चतकोर आली. त्यांनी तिचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला, उरलेली पानाच्या मधोमध ठेवली आणि बाकी पान असं चाटूनपुसून साफ केलं की तुपाचा डागही राहू दिला नाही. मग हात धुवायला उठले.

मी पानावर बसले. मधोमध कोरडी नाचणी, बाजूला काही नाही.

"मोदक आहेत गो अजून, डबाभर," आई म्हणाली. "वाढू?"

"नको," मी म्हटलं. जन्मात इतकं खोटं बोलले नाही, आणि मी काय कमी बोलते! इतका मोदक मला कधी हवासा वाटला नव्हता. पण डब्यातला नव्हे. त्यांनी अर्धा खाऊन ठेवलेला.

बाहेर ओसरीवर ते वडिलांशी बोलत बसले होते. मी ती चतकोर कणाकणानं तोडत, त्यांचा आवाज येत होता तोवर पुरवली.