घोड्याला दोन शेपट्या

एकोणीसशे साठच्या दशकात रंगीत चित्रकथांची एक मालिका मराठीत निघू लागली. मी तेव्हा अमरावतीला नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. या वयात चित्रांची पुस्तकं कसली वाचतोस, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नसे. अमरावतीत अंक कधी यायचे, कधी नाही. अकोल्यात हमखास मिळायचे. तिथे माझा मावसभाऊ राहायचा आणि त्यालाही हाच नाद. तो दर अंकाच्या दोन प्रती घ्यायचा आणि त्यातली एक अमरावतीला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती मला पाठवायचा.

माझे अंक भिकार निघायचे. नायकाच्या ओठांचा लाल रंग गालावर गेलेला, घोड्याला दोन शेपट्या. एका अंकात काळी शाई इतकी फिकी, की मजकूर उन्हात धरून वाचावा लागला. पत्रातून तक्रार केली की भाऊ लिहायचा, "छापखानाच तसा आहे." मी छापखान्याच्या नावाने बोटं मोडायचो.

पुढे मावशी आजारी पडली म्हणून अकोल्याला गेलो. भाऊ औषध आणायला बाहेर गेला होता. वाचायला काही मिळतं का म्हणून मी त्याचं कपाट उघडलं. सगळे तेच अंक, पण ओठ ओठांच्या जागी आणि आभाळ निळंशार.

तो आला तेव्हा अंक माझ्या मांडीवरच होते.

"कावून उघडलं कपाट?" तो म्हणाला.

"तुह्या घोड्याले एकच शेपटी कशी?"

तो जराही वरमला नाही. "गठ्ठा सुटला का दुकानात मी उभा असतो. चांगला अंक निवडतो. तुले आयता भेटते."

"मंग छापखान्याले नावं कावून ठेवत होता?"

"नावं तूच ठेवत होता. मी फक्त हो ला हो केलं."

आवाज चढले. मावशी अंथरुणातून ओरडली, "मी इथं तापानं फणफणून राहिली, अन् तुमी चित्रांसाठी भांडून राहिले?" आम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचा अंक यायच्या दिवशी रजा टाकून पहिल्या एसटीने मी अकोल्याचं दुकान गाठलं. भाऊ आधीच उभा होता. गठ्ठा सुटला, तर सगळेच अंक बिघडलेले. रानाचा हिरवा रंग माणसांच्या तोंडावर चढलेला. त्यातला एक जरा बरा होता. दोघांनी एकदमच धरला, ओढला, आणि मुखपृष्ठ फाटलं.

"भाजी निवडून राहिले का बे?" दुकानदार खेकसला. "निघा दोघंही! पुन्हा दिसू नका."

बाहेर येऊन आम्ही दोन दिशांना गेलो. मावशी बरी झाली, तिने समेटाचा खूप प्रयत्न केला. मी अमरावतीत मिळेल तो अंक, असेल तसा घेत राहिलो. माझ्या लग्नाला भाऊ आला नाही. पत्रिकाही मी पोस्टानेच पाठवली होती.