पाहुणीसाठी आवरलेलं घर

स्कॉटलंडजवळच्या लुईस बेटाच्या उत्तर टोकावर डोलीना मॅकिव्हर सव्वीस वर्षं म्हाताऱ्यांच्या घरी जात होती. काउन्सिलची घरमदतनीस. उठवायचं, अंग पुसायचं, चूल पेटवायची, चहा द्यायचा. कोण बायबल वाचून झाल्याशिवाय तोंड उघडत नाही, कोणाला मोजे आधी डाव्या पायात लागतात, सगळं तिला ठाऊक. तरी तू नेमकं काय करतेस, असं कोणी विचारलं की ती गोंधळायची.

त्या वर्षी अकरा मदतनिसांच्या सात उरल्या. जाहिरात देऊनही कोणी फिरकेना. मग काउन्सिलने सगळी घडी नव्याने बसवायला घेतली. कोणाला खरंच मदत लागते ते घरोघर जाऊन बघायचं, बाकीच्यांच्या फेऱ्या बंद. बघायला बेटावरच्या मोठ्या गावातून, स्टॉर्नोवेहून, कर्स्टी नावाची बाई येणार होती.

एफी मॉरिसनकडे ती मंगळवारी यायची होती. एफी एकोणनव्वद वर्षांची. चार वर्षांपूर्वी खुबा मोडल्यापासून तिला एकटीला पलंगावरून उतरता येत नसे. सकाळची फेरी गेली तर घर सोडून वृद्धाश्रम, एवढाच अर्थ होता.

सोमवारी एफी म्हणाली, "परकी बाई येणार आणि घराचा हा अवतार?"

"ती काय सोयरीक घेऊन येतेय?" डोलीना म्हणाली. पण कंबर कसून कामालाही तीच लागली. फरशी पुसली, खिडक्या पुसल्या, तव्यावर स्कोन, चहाबरोबर खायचे छोटे पाव, भाजले. इथे पाहुण्याला रिकामं ताट दाखवत नाहीत. तिच्या आईने दाखवलं नव्हतं, एफीच्याही आईने नाही.

मंगळवारी कर्स्टी आली तेव्हा एफी चर्चला जायचा स्वेटर घालून टेबलाशी बसली होती, डोलीनाने सकाळी बसवली होती तिथेच.

"छान झालेत हो स्कोन. तुम्ही केलेत?" कर्स्टीने विचारलं.

"मग! शेजारीण येऊन करणार का?"

"आणि सकाळी उठता कशा?"

"देव उठवतो, मी उठते. अजून एक घ्या."

कर्स्टी हसली, तिने लिहून घेतलं. डोलीना आत बशी पुसत होती. तिने सगळं ऐकलं. पण पाहुणीसमोर म्हातारीला खोटं पाडायचं? ती तीच बशी पुसत राहिली.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. स्वतःचं स्वतः करतात. सकाळची फेरी महिनाअखेर बंद.

डोलीनाने कर्स्टीला फोन लावला. "ते स्कोन मी केले होते."

"पण त्या तर म्हणाल्या..."

"त्या तसंच म्हणणार."

"मग तुम्ही का गप्प बसलात, डोलीना?" कर्स्टी म्हणाली. "बरं, गुरुवारी परत येते. पण तुम्ही कशाला हात लावू नका. घर जसं असतं तसं असू दे."

जसं असतं तसं. डोलीना फोन ठेवून विचार करत बसली. चार वर्षं ते घर तिच्या हातानेच आवरलेलं होतं. तिच्याशिवाय ते कसं असतं, हे कोणाला माहीत? एफीला तरी?

गुरुवारी डोलीना पलंगाशेजारी खुर्चीत बसली, हात मांडीवर. चूल गार, एफी अजून पलंगावरच.

"केस तरी विंचर गं."

"आज नाही."

"मी काय वाकडं केलंय तुझं?"

बाहेर गाडी थांबली. कर्स्टी आत आली, आणि पाहुणी आली म्हणून एफी उठायला गेली. पलंगाचा उशाकडचा दांडा धरला. हात सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मग तिने पांघरूण विस्कटलेल्या केसांवर ओढून घेतलं आणि आतूनच म्हणाली, "बसा हो. डोली, चहा ठेव."

चहा ठेवायचा की नाही, डोलीनाला कळेना. तिने कर्स्टीकडे पाहिलं. कर्स्टी खाली मान घालून लिहीत होती.

"फेरी चालू राहील," जाताना ती दारात हळूच म्हणाली.

डोलीना आत आली. एफीचं तोंड भिंतीकडे.

"उद्यापासून दुसरी कोणी पाठव."

"दुसरी कोणी नाहीये हो."

डोलीना चुलीपाशी खाली बसली.

"मग येशीलच," एफी म्हणाली.

ही परवानगी की टोमणा, हे डोलीनाला चूल पेटवून होईपर्यंत उमगलं नाही. नंतरही नाही.